सीबीएस ते पंचवटी, चालत

मंगळवारी सकाळी अंघोळ करताना गोटीरामअण्णांच्या हाताला जे लागलं, ते त्यांनी आधी साबणाचा चिकटलेला तुकडा समजून धुऊन टाकायचा प्रयत्न केला. तो गेला नाही. मग त्यांनी चष्मा मागवला. बाथरूममधून चष्मा मागवणाऱ्या नवऱ्याबद्दल बायकोला शंका यायला हरकत नाही, पण साधनाबाईंनी दार बोटभर उघडून चष्मा आत दिला आणि पुन्हा पोळ्यांकडे गेल्या. छत्तीस वर्षांच्या संसारात कशाला हवाय हा प्रश्न कधीतरी गळून पडतो. कधी पडला ते दोघांनाही आठवत नाही. वाफेनं धुरकटलेली काच अण्णांनी दोनदा पुसली आणि वाकून पाहिलं. चार होते. फ्लॉवरच्या गड्ड्याचे तुरे असावेत तसे, पण वरईच्या दाण्याएवढे, आणि अशा जागी, की त्या जागेकडे अण्णांनी चष्मा लावून गेल्या कित्येक वर्षांत पाहिलंच नव्हतं. त्यांच्या मनात पहिला विचार आला तो धंद्यातला. प्रादुर्भाव सुरुवातीचा आहे, असं त्यांना वाटलं. दुसरा विचार तासगावचा होता. तो त्यांनी पाण्याच्या तांब्याबरोबर अंगावर ओतून घेतला, पण तो वाहून गेला नाही.

गोटीरामअण्णा तीस वर्षं द्राक्षांचे सल्लागार होते. दिंडोरीपासून ओझरपर्यंत लोक त्यांना बागेत बोलवायचे. अण्णा पान उलटं करून उन्हात धरायचे, जिभेनं टाळ्यावर एक आवाज काढायचे आणि रोग भुरीचा आहे की डाऊनीचा ते सांगून चिठ्ठीवर औषध लिहायचे. औषध सगळेच लिहीत. अण्णांची ख्याती वेगळ्या गोष्टीची होती. डब्याच्या लेबलावर जेवढं प्रमाण छापलेलं असे, त्याच्या दीडपट मारा, असं ते सांगत. "कंपनी भित्री असती," असं त्यांचं म्हणणं होतं. या तत्त्वावर त्यांनी पुष्कळ बागा वाचवल्या आणि काही जाळल्या, पण वाचलेल्या बागांचे मालक जास्त बोलत. त्यामुळे तीन तालुक्यांत त्यांचं नाव दीडपट अण्णा असं पडलं होतं. पुढे परदेशातून माल परत यायला लागला, औषधाचा अंश सापडला म्हणून. प्रयोगशाळा आल्या, नवी पोरं लॅपटॉप घेऊन आली, आणि दीडपटीचा जमाना संपला. अण्णांनी गंगापूर रोडला फ्लॅट घेतला, सकाळी फिरायला जायला लागले, आणि साखर वाढलेल्या माणसांच्या घोळक्यात सामील झाले. आता कोणी त्यांना काही विचारत नव्हतं. कुणी विचारावं म्हणून ते सोसायटीच्या जास्वंदीकडे टक लावून उभे राहत. माळी दुसरीकडे बघायचा.

कॉलेज रोडच्या त्या दवाखान्याची पाटी फक्त त्वचेची आहे याचं अण्णांना बरं वाटलं होतं. त्वचा म्हटलं की पाठही येते, हातही येतो. पण काउंटरवरच्या पूजा नावाच्या मुलीनं सतरा माणसांच्या देखत मान वर न करता विचारलं, "काका, काय त्रास आहे?"

"खाज," अण्णा म्हणाले.

"कुठे?"

"सर्वसाधारण."

तिनं तसं लिहून घेतलं. बसायला वळतात तो कोपऱ्यातून आवाज आला, "अरे, अण्णा! दीडपट अण्णा!" तो झिपरू होता. म्हसरूळच्या पलीकडे त्याची सव्वा एकराची बाग होती, वीस वर्षं अण्णांच्या सल्ल्यावर चाललेली. झिपरूनं दोन्ही हात पुढे केले. बोटांवर मस होते, नऊ-दहा, जुन्या खिळ्यांच्या डोक्यांसारखे. "बघा ना. बिब्बा लावला, चुना-सोडा लावला, घोड्याच्या शेपटीचा केस बांधला. घोडं लाथ मारतं का काय म्हणून भेव वाटत होतं, पण केस आणला. नाय गेलं. पोरगी बोलली, डॉक्टरला दाखव." तो ते मस शेजारच्या बाईंनाही दाखवत होता, त्याही आपुलकीनं बघत होत्या, त्यांच्या मामांना झाले होते तेव्हा काय केलं ते सांगत होत्या. झिपरूचे मस सार्वजनिक होते. अण्णांना त्याचा हेवा वाटला. एकच जात, एकच वंश, पण एकाला बाजारात मांडता येतं आणि दुसऱ्याला बाथरूममध्ये चष्मा मागवावा लागतो. "तुमचं काय वो अण्णा?" झिपरूनं विचारलं. "पाठीवर आलंय काहीतरी," अण्णा म्हणाले. "बघू?" झिपरू उठलाच होता, तेवढ्यात पूजानं अण्णांचं नाव पुकारलं. देव आहे असं अण्णांना आयुष्यात तिसऱ्यांदा वाटलं.

आत डॉक्टर फलक होत्या. मालेगावच्या. वय जेमतेम तिशीचं, अण्णांची छाया पुण्याला नोकरी करते तिच्याएवढंच. अण्णांनी परत जायचा विचार केला, पण बाहेर झिपरू होता. पडद्यामागे तपासणी दीड मिनिटात आटोपली, त्या वेळात अण्णांनी छताच्या पंख्याची पाती मोजली, तीन होती, पुन्हा मोजली, तीनच होती. डॉक्टरांनी हात धुतले आणि एखाद्या शेतकऱ्याला पानावरचा डाग सांगावा तसं सांगितलं, "मस आहेत काका. गुप्तांगावर होतात तो प्रकार. विषाणूमुळे होतात. शरीरसंबंधातून येतो, पण लाजायचं काही नाही, माझ्याकडं रोज दोघं-तिघं येतात. उपाय चार-पाच आहेत. पहिला म्हणजे काहीच करायचं नाही. काही जणांचे सहा-आठ महिन्यांत आपोआप जातात." अण्णा चमकले. काहीच करू नका, असा सल्ला देऊन कोणत्याही सल्लागारानं आजवर घर बांधलेलं नव्हतं. "दुसरा, घरी लावायचं मलम. आठवड्यातून तीनच दिवस, झोपताना, अगदी पातळ, आणि सकाळी साबणानं धुवायचं. दोन-तीन महिने लागतात, कधी चार. तिसरा, मी इथं दर आठवड्याला ॲसिडचा थेंब लावीन. चौथा, द्रव नायट्रोजननं गोठवायचे."

"म्हशी भरवायला डॉक्टर आणतात, तो?"

"तोच," डॉक्टर न हसता म्हणाल्या. अण्णांच्या डोळ्यांसमोर कृत्रिम रेतनाची, धूर सोडणारी ती किटली आली, आणि दावणीला बांधलेली म्हैस कशी मागे वळून बघते तेही आलं. "आणि पाचवा," डॉक्टर सांगत होत्या, "जागा बधिर करून विजेच्या सुईनं जाळायचे. किंवा कापायचे."

"मुळासकट कशानं जातं?"

"कशानंच नाही. दिसतं ते जातं. विषाणू कातडीत लपून राहू शकतो. बहुतेकांचं शरीर त्याला दाबून ठेवतं. तुमची साखर वाढलीय ना, म्हणून कदाचित वर आला असेल."

"कधीचा असेल मॅडम?" हा प्रश्न अण्णांनी टेबलावरच्या कॅलेंडरला विचारला.

"ते सांगता येत नाही. चार महिन्यांपूर्वीचा असेल, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचाही असू शकतो. कुणाकडून आला तेही कळत नाही. म्हणून मी विचारतच नाही." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "पण काकूंना घेऊन या. हे मस आणणारा प्रकार सहसा कॅन्सर करत नाही, पण सोबत दुसरा असू शकतो, जो करतो. बायकांना आतल्या आत कळतही नाही. गर्भाशयाच्या तोंडाची साधी तपासणी असते, दहा मिनिटांची. याच महिन्यात करून घ्या. त्यांना सगळं सांगून आणा काका. नुसतं चल म्हणून आणू नका."

अण्णांनी मलम निवडलं. त्यात कोणाला काही सांगावं लागत नव्हतं.

मलमाच्या पुड्या त्यांनी सल्लागारीच्या जुन्या चामडी बॅगेत ठेवल्या. भिंग, कात्री, चिठ्ठ्यांची वही आणि पेस्टच्या वेळचे रबरी हातमोजे अजून त्या बॅगेत होते. बॅग उघडली की त्या पेस्टचा वास यायचा. ऑक्टोबरमध्ये छाटणी झाली की प्रत्येक काडीच्या डोळ्याला पेस्ट लावावी लागते, वेल झोपेतून एकदम जागा व्हावा म्हणून. बायका ओळीनं उभ्या राहून काठीला बांधलेल्या बोळ्यानं एकेक डोळा टिपत जातात, न चुकता, न सांडता. अण्णा तरुणपणी स्वतः करून दाखवत. कापसाचा बोळा कानकाडीला गुंडाळून, भिंग धरून, पाय फाकवून ते आता बाथरूममध्ये उभे राहिले, तेव्हा हात तोच होता, नजर तीच होती, फक्त वेल वेगळा होता. वास मात्र डोक्यात भरला आणि त्याच्या मागून तासगाव आलं. नाशिकच्या छाटण्या सुरू व्हायच्या आधी, सप्टेंबरात, तासगावच्या सुरू होत. लागोपाठ दोन सप्टेंबर अण्णा तिकडे राहिले होते, शहाण्णव आणि सत्त्याण्णव, लॉजवर. जेवायला मीनाची खाणावळ होती. मीना विधवा होती, मोठ्यानं हसायची, आणि अण्णा लोकांना दीडपट सांगतात हे तिला कुणाकडून कळलं होतं, म्हणून ताटात भाकरीही दीड वाढायची. अर्धी भाकरी वाढून ती उभी राहायची, कंबरेवर हात ठेवून. तिथून पुढे गोष्ट कशी गेली हे अण्णांना नीट सांगता आलं नसतं, गोष्टी तशा जातात तशी गेली, पाऊस नव्हता, चांदणंही नव्हतं, एकदा लॉजचं दार लागत नव्हतं म्हणून खुर्ची लावली होती एवढं आठवतं. तिचा चेहरा आठवत नाही. ठेचा आठवतो. दुसऱ्या सप्टेंबरनंतर अण्णांनी तासगावचं काम सोडलं, पाठ दुखते म्हणून सांगितलं, आणि काही महिन्यांनी त्यांची पाठ खरोखर दुखायला लागली. मीनाला कोणी सांगितलं असेल का, दहा मिनिटांची तपासणी असते म्हणून? हा विचार अण्णांना एकदम आला, बोळा हातात असताना, आणि कानकाडी चुकून भलतीकडे टेकली.

सांगायचं होतं. रोज सांगायचं होतं. सांगायची वेळ म्हणून त्यांनी दुपारचा चहा ठरवला, कारण चहाच्या वेळी साधनाबाई खुर्चीत स्वस्थ बसतात आणि त्यांच्या हातात विळी नसते. पहिल्या दिवशी अण्णा म्हणाले, "साधना, तुझी एक तपासणी करून घ्यावी म्हणतो." "कसली?" त्यांनी विचारलं. अण्णांच्या तोंडून निघालं, "डोळ्यांची." साधनाबाई दुसऱ्या दिवशी डोळे तपासून आल्या. नंबर वाढला होता. नवा चष्मा आला. आठवड्यानं पुन्हा धीर केला तर दात निघाले. दातांच्या डॉक्टरनं एक दाढ काढली. साधनाबाई गालाला बर्फ लावून म्हणाल्या, "अजून कुठली तपासणी राहिली असेल तर एकदम सांगा, रिक्षाच्या चकरा वाचतील." महिना सरत आला होता. तिला आतल्या आत कुठेतरी काही असेल, तिला कळतही नसेल, असं म्हणाल्या होत्या डॉक्टर. दुपारी ती झोपली की अण्णा दारात उभे राहून तिच्या श्वासाकडे बघायचे, जणू तिथून काही दिसणार होतं. सांगितलं तर काय होईल? ओरडणार नाही ती. आयुष्यात ओरडली नाही. ती बॅग भरून छायाकडे पुण्याला जाईल आणि तिथून फोनवर, भाजी कुठे ठेवलीय ते सांगत राहील. ते ओरडण्यापेक्षा वाईट. पण खरी भीती दुसरीच होती, आणि ती अण्णांनी स्वतःशीही फार उशिरा कबूल केली. सांगितलं तर ती मागची सगळी वर्षं काढून बघेल, एकेक घडी उलगडून, आणि त्यात ती संध्याकाळही येईल. सीबीएसच्या एसटी स्टँडवरची.

ती संध्याकाळ अण्णांची होती. माणसाकडे अशा दोन-चार संध्याकाळी असतात, बाकीचा संसार त्यांच्या व्याजावर चालतो. अठ्ठ्याण्णवचा फेब्रुवारी. साधना घोटीला तिच्या ताईकडे दहा दिवस जाऊन परत येत होती. अण्णा एम-एटी घेऊन सीबीएसवर आणायला गेले होते, तासभर आधी, दाढी करून, छोट्या छायाला आजीकडे ठेवून. घोटीची गाडी लागली. आत जागा होती, तरी साधना दाराशी दांडी धरून उभी होती, आणि सगळ्यांत आधी तीच उतरली. "अगं, जागा असून उभी?" "वारं बरं वाटत होतं." हातात दहा किलो तांदळाची पिशवी, घोटीचा नवा तांदूळ, वासाचा. अण्णांनी पिशवी गाडीवर ठेवली, किक मारली, मागे थोपटलं, बस म्हणून. साधना बसली नाही. "चालू या ना," ती म्हणाली. "पंचवटीपर्यंत?" "हो. किती दिवसांत चाललो नाही आपण." आणि टाकीत पेट्रोल असताना, इंजिन धडधाकट असताना, गोटीराम नावाच्या अठ्ठावीस बागांच्या सल्लागारानं ती एम-एटी सीबीएसपासून पंचवटीपर्यंत ढकलत नेली. महात्मा गांधी रोडला दिवे लागत होते. ती हळूहळू चालत होती, पावलं जपून टाकत, नव्या नवरीसारखी, असं अण्णांना तेव्हा वाटलं होतं. रविवार कारंज्यापाशी उसाचा रस घ्यायला थांबले. बाकडं रिकामं होतं. "उभ्यानंच घेऊ," ती म्हणाली. दोघांनी उभ्यानं रस घेतला आणि तिच्या वरच्या ओठावर फेस राहिला. होळकर पुलावर तिनं कठड्याला टेकून थोडं थांबू म्हटलं. खाली गोदावरीत दिवे हलत होते. अण्णा बोलत होते, त्यांना आठवतं, फार बोलत होते, तांदळाबद्दल, घोटीच्या आणि पेठच्या तांदळातल्या फरकाबद्दल, यंदाच्या भुरीबद्दल. ती ऐकत होती. मधेच तिनं त्यांच्याकडे पाहिलं होतं, बराच वेळ. कोणत्याही बाईनं अण्णांकडे इतका वेळ कधी पाहिलेलं नव्हतं. तासगाव सुटलं होतं, पाप फिटलं होतं, देवानं बायको परत दिली होती, चालत, असं त्यांनी त्या पुलावर मनाशी धरलं. पुढे सत्तावीस वर्षं, कधी उदास वाटलं की ते डोळे मिटत आणि एम-एटी ढकलायला लागत.

सांगणं जमत नाही म्हटल्यावर अण्णांनी उपचारावर जोर दिला. मस गेले म्हणजे निदान अर्धं तरी निस्तरलं, असा हिशोब होता. तीन आठवडे झाले तरी चारातला एकही हललेला नव्हता. अण्णांनी पुडीवरचं लेबल भिंगाखाली वाचलं. आठवड्यातून तीन वेळा. कंपनी भित्री असते. त्यांनी रोज लावायला सुरुवात केली. चार दिवसांनी सकाळीही लावलं, आणि औषध उडून जाऊ नये म्हणून वरून पट्टी चिकटवली. बागेत पाऊस येणार असला की औषधात चिकटद्रव घालतात, त्यातलाच प्रकार. पाचव्या दिवशी मस होते तिथेच होते, पण त्यांच्या आसपासचं सगळं शिवार जळालं होतं. अण्णांनी आपल्या आयुष्यात जाळलेल्या बागा त्यांना एकेक करून आठवल्या, मालकांच्या नावांसकट. त्यांतल्या एकानंही ओरडून भांडण केलं नव्हतं. सगळे नुसते बांधावर उभे राहिले होते. आता अण्णाही उभे होते. बसता येत नव्हतं. पाय फाकवून, ओट्याला टेकून, ताट हातात धरून ते जेवत होते.

"बसा ना," साधनाबाई म्हणाल्या.

"नको. पचनाला बरं असतं म्हणे."

"कोण म्हणे?"

"फिरायला येतात त्यांच्यातलं कोणीतरी."

साधनाबाईंनी नवा चष्मा नाकावर नीट केला आणि पाहिलं. अण्णांचा एक पाय बाहेर, धोतर नेसल्यासारखी चाल, घास गिळताना मिटणारा डोळा. रात्री एका कुशीवर, सकाळी बाथरूममध्ये अर्धा तास. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. अशा नजरेनं तिनं आपल्याकडे फक्त एकदा पाहिलं होतं हे अण्णांना आठवलं, कुठे ते मात्र लगेच आठवलं नाही.

"मलमानं भाजलं का ॲसिडनं?" त्यांनी विचारलं.

अण्णांच्या हातातलं ताट कललं. आमटी पोळीखाली गेली.

"तुमच्या बॅगेतल्या पुड्या मी मागच्या सोमवारीच पाहिल्या. माझ्या वेळी हे मलम नव्हतं. असतं तर बरं झालं असतं."

"तुझ्या वेळी?"

साधनाबाईंनी त्यांच्या हातातून ताट घेतलं, ओट्यावर ठेवलं, आमटीची वाटी सरळ केली. "घोटीला गेले होते ना दहा दिवस. ताईनं कल्याणला नेलं होतं. ओळखीचं कोणी भेटायला नको म्हणून. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी जाळले. सहा होते. मग आठ दिवस ताईकडे पालथी पडून होते, ताईच्या सासूला पाठीत उसण भरलीय म्हणून सांगितलं. तरी परत आले तेव्हा बसता येत नव्हतं." त्या थांबल्या. "बाई म्हणाल्या होत्या, नवऱ्याला घेऊन ये. मी म्हटलं, बघते. तेव्हापासून दर तीन वर्षांनी तपासून घेते मी, आतलं. सगळं ठीक आहे. मागच्या दिवाळीच्या आधीच करून आलेय. तुम्ही डोळे नि दात काढत बसलात."

आधी आलं ते सुख होतं, निव्वळ. ती ठीक आहे. अण्णांना वाटलं आता आपण रडू. मग त्या सुखाच्या मागून दुसरं काहीतरी आलं, सावकाश, एम-एटीच्या चाकासारखं. दाराशी दांडी धरून उभी. वारं बरं वाटत होतं. चालू या ना. उभ्यानंच घेऊ. जपून टाकलेली पावलं. अण्णा ओट्याला धरून उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांसमोर ती संध्याकाळ, दिव्यांसकट, रसाच्या फेसासकट, एकेका टाक्यानं उसवत गेली.

"म्हणजे त्या दिवशी..." ते म्हणाले.

"हो."

"एवढं चाललीस. तीन किलोमीटर."

"बसण्यापेक्षा बरं होतं." त्यांनी फडक्यानं ओटा पुसला, सांडलं नव्हतं तिथेही. "मला वाटलं होतं, चालता चालता तुम्ही बोलाल. गाडीवर पाठीमागे बसून काही बोलणं होत नाही. म्हटलं, रविवार कारंज्यापर्यंत वाट पाहू. मग म्हटलं, पुलापर्यंत. पुलावर थांबले सुद्धा मी मुद्दाम. तुम्ही तांदळाबद्दल बोलत होतात."

दुसऱ्या दिवशी दोघंही कॉलेज रोडच्या दवाखान्यात गेले. अण्णा वेटिंग हॉलमध्ये भिंतीला टेकून उभे होते, साधनाबाई शेजारी बसल्या होत्या. पूजानं विचारलं, "काका, बसा ना?" साधनाबाई म्हणाल्या, "उभ्यानं बरं वाटतं त्यांना." आत डॉक्टर फलक यांनी जळलेलं शिवार पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "काका, तीन दिवस सांगितले होते ना मी? लिहूनही दिलं होतं."

"प्रादुर्भाव जास्त वाटला," अण्णा म्हणाले, "म्हणून प्रमाण थोडं वाढवलं."

"किती?"

अण्णांनी बायकोकडे पाहिलं. "दीडपटीच्या वर गेलं," साधनाबाईंनी सांगितलं. मग डॉक्टरांनी मलम बंद केलं, भाजल्याचं वेगळं औषध दिलं, जखम भरली की पंधरा दिवसांनी या, गोठवून टाकू म्हणाल्या, आणि साधनाबाईंचे कल्याणपासूनचे सगळे कागद वाचले. ते प्लास्टिकच्या पिशवीत तारीखवार लावलेले होते. नऊ तपासण्या. "काकू, तुमच्यासारखं कोणी करत नाही," डॉक्टर म्हणाल्या. साधनाबाई हसल्या नाहीत. अण्णांनी ते कागद पहिल्यांदाच पाहिले. सगळ्यांत खालचा पिवळा पडला होता, त्यावर पतीचं नाव या ओळीपुढे त्यांचं नाव साधनाच्या अक्षरात होतं, आणि त्याच्या पुढच्या, पतीची तपासणी, या ओळीपुढे एक आडवी रेघ.

बाहेर ऊन उतरलं होतं. पायरीशीच रिक्षा उभी होती. रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, "बसताय?"

"नाही," दोघंही एकदम म्हणाले.

कॉलेज रोडच्या कडेनं ते निघाले. अण्णा पावलं जपून टाकत होते आणि साधनाबाई त्यांच्या चालीला चाल लावत होत्या. त्या चालीचा त्यांना सराव होता. ढकलायला गाडी नव्हती, त्यामुळे अण्णांना हातांचं काय करावं ते समजेना. त्यांनी ते पाठीमागे बांधले, सोडले, पुन्हा बांधले. एका दुकानाबाहेर तांदळाची पोती रचलेली होती. अण्णांची नजर तिकडे गेली, तोंड उघडलं, आणि त्यांनी ते मिटलं. साधनाबाईंनी ते पाहिलं.

"तासगावला," अण्णा म्हणाले. "तासगावला एक खाणावळ होती. मीना म्हणून."

वीस-पंचवीस पावलं गेली. मग साधनाबाईंनी पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली, वाहनांच्या बाजूला स्वतः आल्या आणि अण्णांना आतल्या बाजूला घेतलं.

"हळू चाला," त्या म्हणाल्या. "घर लांब आहे."